ओ निगेटिव्हचं पान

रक्तदानाचा अनुभव लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, बाई, घेण्याचा लिहू की देण्याचा? घेण्याचा माझ्यापाशी चौतीस वर्षांचा आहे. त्या म्हणाल्या, दोन्ही लिहा. दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवलं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी कुंभकोणमच्या एका इस्पितळातल्या रक्तपेढीत टेक्निशियन होतो. नाव विठ्ठल राव, पण गावाला मी ‘राव सार’. घरात आमची तंजावरी मराठी, उंबरठा ओलांडला की तमिळ. आमच्या घरची मराठी ऐकून पुण्याची माणसं गालातल्या गालात हसतात, कारण ती त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांची आहे. म्हणून हा लेख माझ्या पुण्याच्या सुनेने वाचून आजच्या भाषेत आणला. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.

आधी धंदा सांगतो. माणूस रक्त द्यायला आला की त्याचा फॉर्म भरायचा, वजन आणि प्रेशर बघायचं. मग बोटाला टोचून एक थेंब काढायचा आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. रक्तात दम असेल तर थेंब तळाला जातो, पाणचट असेल तर वर तरंगतो. बुडाला की पास, तरंगला की घरी जा, कीरा म्हणजे पालेभाजी खा, तीन महिन्यांनी ये. पास झालेल्याला खाटेवर झोपवायचं, दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. साडेतीनशे मिली रक्त सहा-सात मिनिटांत पिशवीत उतरतं. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं आणि खाली एक छोटं यंत्र तिला पाळण्यासारखं हलवत राहतं. मग तपासण्या, मग फ्रीज. पस्तीस दिवसांनी पिशवी बाद. आणि ज्याने दिलं त्याला पुढे नव्वद दिवस सुट्टी, बाईमाणसाला त्याहून जास्त. एवढाच धंदा. बाकी सगळा वेळ माणसांची समजूत घालण्यात जातो.

त्या थेंबाचीच गंमत घ्या. पापनाशमचा एक वेलदोड्याचा व्यापारी मुलाच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला आला होता. थेंब बुडालेला बघून त्याचा चेहरा पडला. “बुडालं का सार? माझं सगळंच बुडतं हल्ली.” त्याला पास झालास हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. उलट एकदा एक सासूबाई जावयाच्या मागे उभ्या राहून डोळे मिटून पुटपुटत होत्या. मला वाटलं, जावयासाठी प्रार्थना चालली आहे. प्रार्थनाच होती, पण थेंब तरंगावा आणि जावई सुटावा म्हणून. तो बुडाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की थेंबाला मीच आतून ओढलं असावं.

पेशंटसोबत बावीस नातेवाईक आलेले असतात. पॅसेजमध्ये चालायला वाट नसते, नर्सबाई ओरडून थकतात. मी फक्त फॉर्मचा गठ्ठा हातात घेऊन दारात उभा राहत असे. पोलिसांना जमाव पांगवायला लाठी लागते, मला पेनसुद्धा उघडावं लागत नसे. एकाला शुगर आठवायची, एकाला प्रेशर, एकाची बस सुटायची. एकदा एक गृहस्थ म्हणाले, “माझं रक्त फार गरम आहे सार, पेशंटला सोसणार नाही.” काढता पाय घेण्याच्या नाना तऱ्हा मी बघितल्या. त्यातल्या बहुतेक मला का पाठ होत्या, ते पुढे येईलच.

एक कर्मठ आजोबा मात्र स्वतःहून आले होते. झोपले, रक्त दिलं आणि उठताना मला बाजूला बोलावून म्हणाले, “हे मांस खाणाऱ्याला देऊ नका.” मी म्हटलं, आजोबा, पिशवीवर तशी चिठ्ठी लावतो. ते समाधानाने गेले. वर्षभराने तेच आजोबा पेशंट म्हणून आले आणि त्यांना दोन पिशव्या चढल्या. त्या कोणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आजोबा ठणठणीत होऊन घरी गेले.

पण आमच्याकडच्या रक्तदानात खरा तंटा असतो तो हाताचा. देणं उजव्या हातानेच, डाव्या हाताने दिलेलं दान अपमानाचं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालासुद्धा शिकवतात. दुकानदाराला पैसे डाव्या हाताने दिलेत तर तो घेणार नाही. आणि रक्तपेढीत आम्ही सांगायचो, डावा हात द्या. कारण सुईनंतर तासभर त्या हाताने ओझं उचलू नये, आणि उजवा माणसाला कामाला लागतो. कोणी ऐकत नसे. “दान आहे ना सार? मग उजवाच.” मग उजव्या कोपराला पट्टी लावून घेऊन, बाहेर जाऊन त्याच हाताने पाण्याची कळशी उचलायची आणि रक्त वाहायला लागलं की परत माझ्याकडे यायचं. मी दर वेळी व्याख्यान देत असे. रक्ताला डावं-उजवं नसतं, शास्त्र काय सांगतं, वगैरे. माझं व्याख्यान उत्तम होतं.

दुसरा तंटा राहुकाळाचा. रोज दीड तास अशुभ, त्यात नवं काही सुरू करायचं नाही. मंगळवारी तीन ते साडेचार. खाटेवर झोपलेला माणूस घड्याळ बघून ताडकन उठून बसायचा आणि साडेचारपर्यंत भिंतीला टेकून माझ्या डोक्यावर बसायचा. त्यांनाही मी व्याख्यान देत असे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आता कबूल करतो: नोकरीची पहिली तीस वर्षं मी दुसऱ्यांचं रक्त काढलं आणि स्वतःचा एक थेंब दिला नाही. कारण साधं आहे. मी भीत होतो. दुसऱ्याच्या शिरेत सुई घालताना माझा हात कधी थरथरला नाही, पण तीच सुई माझ्याकडे तोंड करून आली की मी काहीतरी काम काढून खोलीबाहेर जायचो. माझी बायको कमला एकदा म्हणाली, “सगळ्या गांवाचें रक्त काढतां, आपलें देण्यास भितां कशास?” मी म्हटलं, मला प्रेशर आहे. ती म्हणाली, “प्रेशर कोठें आहे? मज आहे तें, तुम्हांस नाहीं.”

त्यातून माझा रक्तगट ओ निगेटिव्ह. हा गट आमच्याकडे शोधून सापडत नाही. या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही, आणि ह्याचं मात्र सगळ्यांना चालतं. आमच्या पेढीत एक वही होती, गटवार नावं आणि फोन नंबर लिहिलेली. ती माझ्याच अक्षरात होती. ओ पॉझिटिव्हची पानंच्या पानं. ओ निगेटिव्हचं एकच पान, त्यावर पाच नावं. सहावं मी लिहिलं नव्हतं.

गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र असायचं. समोर फोटो, मागे पत्ता आणि रक्तगट. दोरी मेली अशी की कार्ड सारखं उलटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. मी मागच्या बाजूला प्लास्टिकच्या आत विठ्ठलाचं छोटं चित्र सरकवून ठेवलं. लोक म्हणायचे, राव सार मोठे भक्त. मी हात जोडत असे.

त्या पानावरचं पहिलं नाव मुरुगैयनचं. तिरुनागेश्वरमला राहूचं देऊळ आहे, तिथे राहुकाळात मूर्तीला दुधाचा अभिषेक करतात आणि अंगावरून ओघळताना दूध निळं होतं अशी श्रद्धा आहे. मुरुगैयनची देवळासमोर दुधाची टपरी. सगळं जग ज्या दीड तासात हातावर हात ठेवून बसतं, तोच त्याचा धंद्याचा वेळ. सडपातळ, काळासावळा, खांद्यावर टॉवेल. बारा-तेरा वर्षं मी त्याला बोलावत होतो. फोन केला की पलीकडून एकच शब्द यायचा, “सरि.” ठीक आहे. मग अभिषेक आटोपून तो सायकलवरून यायचा, उजवा हात पुढे करायचा, माझं व्याख्यान ऐकून घ्यायचा, उजवाच द्यायचा आणि त्याच हाताने दुधाचे कॅन उचलायला परत जायचा. बिस्किट आणि पाकिटातला रस त्याला चालत नसे. पितळी पेल्यातली कॉफी लागे, आणि तिच्यातल्या दुधाला तो नावं ठेवी.

एकदा मी फोन केला तेव्हा त्याच्या मुलीचा, चित्राचा, साखरपुडा चालला होता. मला माहीत नव्हतं, आणि त्याने सांगितलं नाही. रेशमी वेष्टी, कपाळाला गंध, तसाच येऊन झोपला. पंधरा मिनिटांत परत. नंतर कळल्यावर मी रागावलो, तर म्हणाला, “मुलाकडचे जेवत होते सार. पायसम येईपर्यंत मी पोचलो.” त्या दिवशी मला माझी लाज वाटली. पण लाज वाटून मी काय केलं, तर कमलाला सांगून पोरीला चांगली साडी पाठवली.

आता तो मंगळवार.

चित्रा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या अंबेचं तेल पोटाला लावून झालं होतं, डोहाळजेवण झालं होतं, सगळं नीट चाललं होतं. त्या सकाळी एकाएकी तिचं थोडं रक्त गेलं म्हणून बापाने आमच्याच इस्पितळात आणली. वार खाली सरकलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता रक्त थांबलं आहे, उद्या सकाळी सिझेरियन करू. हिला कुठे हलवायचं नाही. पण दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही. चित्राचा गट बापाचाच, ओ निगेटिव्ह.

एक पिशवी तंजावरहून मिळाली. दुसरी त्यांच्याकडे नव्हती. मी वही उघडली. पानावरची पाच नावं. एक कोइमतूरला नोकरीला गेला होता. एकीचं बाळ दोन महिन्यांचं. एकाने आदल्या दिवशी दाढ काढून घेतली होती. एकाचा फोन लागत नव्हता. आणि पहिलं नाव माझ्यासमोर स्टुलावर बसलं होतं.

“माझं काढा सार,” मुरुगैयन म्हणाला.

तीनच आठवड्यांपूर्वी पापनाशमच्या रस्त्यावर अपघात झाला होता. कोण कुठला परगावचा माणूस, त्याच्यासाठी मीच मुरुगैयनला बोलावलं होतं. मी म्हटलं, नव्वद दिवस झाले नाहीत.

“नियम कागदावरचा. मुलगी माझी आहे.”

त्याची समजूत पटावी म्हणून मी त्याच्या बोटाला टोचलं आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. इतक्या वर्षांत त्याचा थेंब नेहमी सरळ तळाला गेला होता. त्या दिवशी तरंगला. आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत बसलो. माझ्या हाताखालची सेल्वी तिथेच होती, ती खिडकीकडे बघायला लागली.

“वहीत नीट बघा सार,” मुरुगैयन म्हणाला. “आणखी एखादा असेल.”

मी वहीचं पान उगाच मागेपुढे केलं. म्हटलं, “आहे एक. पण तो भित्रा आहे.”

“मला त्याच्याकडे घेऊन चला. मी त्याचे पाय धरतो.”

“जायला नको कुठे,” मी म्हटलं, आणि शर्टाची बाही वर करायला लागलो. सेल्वीने फॉर्म पुढे केला. त्यावर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं.

पण भीती अशी सहजासहजी सोडत नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “राहुकाळ लागला. साडेचारला घेऊ या का?”

मुरुगैयन म्हणाला, “राहू आमच्या गल्लीतला आहे सार. त्याचं मी बघतो. तुम्ही झोपा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की राहुकाळ चालू आहे आणि हा टपरी सोडून इथे बसला आहे. मी चपला काढल्या आणि वजनकाट्यावर उभा राहिलो. सेल्वीने वजन केलं, प्रेशर बघितलं. थोडं वर होतं, पण चालण्यासारखं. थेंब सोडताना मी मनात काय म्हणालो, ते त्या सासूबाईंनाच कळेल. थेंब दगडासारखा बुडाला.

खाटेवरून खोली वेगळीच दिसते. छतावर ओलीचा एवढा मोठा डाग होता आणि तीस वर्षांत मी तो बघितला नव्हता. सेल्वी माझ्या डाव्या बाजूला आली, कारण तिला मीच तसं शिकवलं होतं. आणि माझा उजवा हात आपला आपण पुढे गेला. शास्त्र, व्याख्यान, सगळं विसरून. सेल्वी म्हणाली, “सार, डावा...” मी म्हटलं, “दान आहे ना? उजवाच घे.” मुरुगैयन हसला. त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला.

स्पिरिटचा बोळा गार लागला. मुरुगैयन माझ्या उशाशी उभा राहून माझीच वाक्यं मला ऐकवायला लागला. “पंख्याकडे बघा सार. मूठ मिटा, उघडा. मुंगी चावल्यासारखं होईल.” मी हजारो माणसांना सांगितलं आहे की मुंगी चावल्यासारखं होतं. ते खोटं आहे. मुंगीहून बरंच मोठं काहीतरी चावतं. पण एकदाच चावतं, आणि मग खरोखर काही नाही. माणूस पुढच्या दुखण्याची वाट बघत पडून राहतो आणि ते येतच नाही. एवढ्यासाठी मी तीस वर्षं प्रेशरचं सोंग केलं होतं.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती. रक्ताची नळी हातावर चिकटवलेली असते ना, ती कोमट असते. हजारो हातांवर मी ती चिकटवली, पण हातमोज्यातून ते कळलं नव्हतं. आपलंच रक्त आपल्या हाताला बाहेरून ऊब देत जातं. मला उगाच रडू आलं. सेल्वीने विचारलं, दुखतंय का सार? मी म्हटलं, हो, थोडं.

सात मिनिटांत पिशवी भरली. सेल्वी म्हणाली, दहा मिनिटं पडून राहा. हे दुसऱ्यांना सांगायचं वाक्य होतं. मी उठलो, छाती काढून दाराकडे तीन पावलं टाकली, वळून काहीतरी मोठं बोलणार होतो, आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो आणि माझे दोन्ही पाय वर धरून मुरुगैयन उभा होता. चक्कर आलेल्याचे पाय वर धरतात म्हणजे रक्त डोक्याकडे उतरतं, हे त्याला इतक्या वर्षांत बघून बघून ठाऊक झालं होतं. पाय धरतो म्हणाला होता, धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्राला मुलगी झाली. ऑपरेशनमध्ये रक्त बरंच गेलं. तंजावरची पिशवी लागली आणि नंतर माझीही लागली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, दुसरी नसती तर कठीण होतं. मी पेढीत जाऊन फ्रीजचं दार उगाच एकदा उघडलं, ओ निगेटिव्हचा रिकामा कप्पा बघितला आणि लावलं.

शुक्रवारी अभिषेक आटोपून मुरुगैयन आला. डब्यात त्याच्या टपरीच्या दुधाचा पेढा, आणि थर्मासमध्ये कॉफी. “तुमची कॉफी प्यायच्या लायकीची नाही, हे आज सांगतो,” म्हणाला. आम्ही पेले घेऊन बाकावर बसलो. मला ते कधीतरी बोलायचंच होतं.

“मुरुगैया, माझी चूक झाली. माझंही नाव त्या वहीत पाहिजे होतं. दर वेळी तुला बोलावत राहिलो. साखरपुड्यातून उठवलं तुला. माझा गट काय, हे मी तुला कधी...”

“मला ठाऊक होतं सार,” तो म्हणाला. कॉफीला फुंकर घालत होता.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही सुई घालायला वाकता ना, तेव्हा कार्ड माझ्या नाकासमोर येतं. तुमचा देव विटेवर उभा आहे. त्या विटेच्या खाली लिहिलेलं आहे, ओ निगेटिव्ह.”

मी कार्ड उलटून बघितलं. चित्र दोन बोटं लहान पडत होतं.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तुम्ही भीत होता सार. दिसत होतं,” मुरुगैयन म्हणाला. “मी नाही आलो तर तुम्हाला झोपावं लागलं असतं. म्हणून येत होतो.”

त्याने पेला धुऊन ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नातीला बघायला वर गेला. मी वही काढली आणि त्या पानावर सहावं नाव लिहिलं. मग प्लास्टिकमधून विठ्ठलाला बाहेर काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कार्ड उलटं करून गळ्यात घातलं. निवृत्त होईपर्यंत ते तसंच होतं.